फोडीचा वाटा

खालच्या पाड्यावर दार म्हणावं असं दार एकाच घराला होतं, पुंजा गवंड्याच्या. बाकीच्यांकडे कारवीची ताटी, लावली काय आणि उघडी राहिली काय सारखीच. पुंजाचं दार मात्र ऐनाच्या लाकडाच्या चार जाड फळ्यांचं. पाहुणा आला की आत शिरण्याआधी दारावर बोटं वाजवून बघायचा आणि विचारायचा, कुठून आणलंस? पुंजा म्हणायचा, "कामावरचं उरलेलं." आणि लगेच पाहुण्याच्या गुरावासरांची चौकशी सुरू करायचा. तो खोटं बोलत नव्हता. पुरतं खरं सांगत नव्हता, एवढंच.

पोशेरा गावापासून डोंगराच्या अंगानं तासभर चाललं की हा पाडा लागतो. पाड्याच्या कडेनं ओहोळ वाहतो आणि खाली जाऊन नदीला मिळतो. त्याच ओहोळाच्या काठानं वर अर्धा तास गेलं की वरचा पाडा. दोन्हीकडची माणसं भात आणि नागली पिकवणारी, एकमेकांत सोयरीक करणारी आणि सोयरीक झाली की जन्मभर एकमेकांची उणीदुणी काढणारी. पुंजाची बायको नवशी वरच्या पाड्याची, पोश्याची लेक.

पुंजा लहान असताना ओहोळाला दरवर्षी मातीचा बांध पडायचा. दिवाळी झाली की धोंडे, पाला आणि चिखल घालून खालचा पाडा पाणी अडवायचा. शिमग्यापर्यंत गुरांना आणि धुण्यापाण्याला पुरायचं. आणि मृग लागायच्या आत तो बांध फोडायचा, तोही धोंडान्‌धोंडा उचलून, तळ दिसेपर्यंत. कारण पूर आला की नदीतला मासा अंडी घालायला वर चढतो. मळे, खवली, मुऱ्या, असा माशांचा सगळा मेळा ओहोळानं उड्या घेत वरच्या पाड्याच्या भातखाचरांत जाऊन पोचतो. याला म्हणतात वलगण चढणं. खालच्या पाड्यानं बांध राहू दिला तर वरच्या पाड्याची वलगण गेलीच.

या कामाला नियम होते आणि ते कुणी कुठे लिहून ठेवलेले नव्हते. वलगणीच्या पहिल्या दिवशी खालच्यांनी पाण्याला हात लावायचा नाही. तो मासा वरच्यांचा. दुसऱ्या दिवसापासून ज्याचं नशीब त्याच्या टोपलीत. बांधाचा पहिला धोंडा ज्या घरानं ठेवला, त्याच घरानं तो पहिल्यांदा काढायचा. हे घर पांड्याचं, म्हणजे पुंजाच्या बापाचं. आणि पांड्यानं वाट मोकळी केली म्हणून वरच्या पाड्यावरून पळसाच्या पानात बांधलेली माशांची पुडी त्याच्या घरी यायची. तिला फोडीचा वाटा म्हणत. वाटा तो केवढा! ओंजळभर मासा, एका वेळचं कालवण. पण पांड्या त्या दिवशी सकाळपासून ओटीवर बसून असायचा, वरच्या वाटेकडे तोंड करून, आणि मी कुणाची वाटबिट बघत नाही असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असायचा.

पुंजाला मात्र चिखलाचा कंटाळा होता. तरणा झाल्यावर तो नाशकाकडे बांधकामावर गेला, आधी माल कालवायला आणि मग हळूहळू थापी धरायला. चार वर्षांत त्याला ओळंबा सोडता येऊ लागला. तिथल्या मोठ्या मिस्त्रीनं त्याला एक गोष्ट पढवली होती, भिंतीतून उजेड दिसला तर ती भिंत नव्हे. पुंजानं ती मनात अशी घट्ट बसवली की पुढे काढताना नाकीनऊ आले.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ओहोळावर दगड-सिमेंटचा बंधारा मंजूर झाला. पाड्याच्या माणसांनी धोंडे वाहायचे आणि बांधकाम गवंड्यानं करायचं. गवंडी कोण, तर गावचाच पुंजा. पंचविशीतला पोरगा, पहिलंच स्वतःचं काम. कामावर देखरेखीला ठेवलेला माणूस आठवड्यातून एकदा यायचा, झाडाखाली डबा खायचा आणि जायचा. त्यानं कागद उलगडून पुंजाला दाखवलं होतं: भिंतीच्या मधोमध दोन हात रुंदीची खाच, वरपासून तळापर्यंत. दोन्ही अंगांना खोबणी. पाऊस सरला की खोबणीत फळ्या सरकवायच्या, पाऊस यायच्या आधी काढून घ्यायच्या. फळ्या त्यानं आणूनही दिल्या होत्या, ऐनाच्या, चार.

म्हणजे कुणा न पाहिलेल्या साहेबानं कागदावर जे काढलं होतं, ते पांड्याच्या बांधासारखंच होतं. दिवाळीला घाला, मृगाला काढा.

पुंजाला ते दिसलं नाही. त्याला दिसली ती नुसती खाच. एवढी छातीभर उंचीची रेखीव भिंत, धोंड्यांमधल्या दर्जा सिमेंटनं भरलेल्या, दोरी लावून एका ओळीत आणलेली, आणि मधोमध हे भगदाड! तोंडातला पुढचा दात पडल्यासारखं दिसत होतं. शेवटच्या आठवड्यात सिमेंटच्या सहा गोण्या उरल्या, धोंडे पडलेलेच होते. पुंजानं दोन दिवसांत खाच बुजवून टाकली. देखरेखीचा माणूस आला, त्यानं लांबूनच भिंत बघितली, चांगली दिसते म्हणाला. फळ्यांचं काय करू, असं पुंजानं विचारलं, तर म्हणाला, "ठेव तुझ्याकडं. कुणी मागितल्या तर दे." कुणी मागितल्या नाहीत.

त्या संध्याकाळी पांड्या काठी टेकत बंधाऱ्यावर आला. भिंतीवरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

"पुंजा, वाट कुठं ठेवलीस?"

"कनची वाट?"

"माशाची."

पुंजा थापी धूत होता. त्यानं मान वर केली नाही. "सरकारच्या कागदात वाट नाय, बा," तो म्हणाला.

पांड्याला कागद वाचता येत नव्हता आणि लेकाचा शब्द खोटा धरायची सवय नव्हती. "कागदात नाय तर मग काय," असं म्हणून तो घरी गेला.

आणि पुढे काय व्हावं? त्या पावसात पुंजाचा जयजयकार झाला. वलगण चढली, भिंतीशी अडली आणि भिंतीच्या पायथ्याला मासाच मासा झाला. माणसं टोपल्यांनी काढत होती, लुगड्यांनी काढत होती, लहान पोरं नुसत्या हातांनी काढत होती. पहिल्या दिवसाचा नियम पहिल्याच दिवशी वाहून गेला. मासे ताज्यात खाल्ले, वाळवून खाल्ले, पाहुण्यांना दिले. बंधाऱ्यानं मासा आणला, असं लोक म्हणू लागले. पाड्यानं त्याला नावही दिलं, गवंड्याची वलगण. आणलेला नव्हता, अडवलेला होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि ज्याच्या आलं तो ओटीवर गप्प बसला होता. पांड्यानं त्या वर्षी मासा तोंडात घातला नाही. पोट बरं नाही म्हणाला.

वरच्या वाटेनं पुडी आली नाही. वर मासाच पोचला नव्हता, वाटा कशाचा यायचा? पांड्या तरीही दिवसभर ओटीवर बसला. पुढच्या थंडीत तो गेला.

मासा अंडी घालायला चढतो आणि त्यालाच आपण पायथ्याशी धरून खातो, तर पुढचा मासा यायचा कुठून? हा हिशोब समजायला पाड्याला चार पावसाळे लागले. दुसऱ्या वर्षी टोपल्या अर्ध्या भरल्या. तिसऱ्या वर्षी पोरांच्या हातांपुरता मासा आला. त्यानंतर भिंतीशी उभं राहिलं तर चार-दोन मासे दिसायचे, उडी घ्यायचे, दगडावर आपटायचे आणि परत पाण्यात पडायचे. भिंतीच्या मागे तर गाळ भरून आला होता. माघ संपेपर्यंत तिथं पाणीही उरत नसे. गुरं त्या गाळात चरायची. म्हणजे पाणी गेलं, मासाही गेला, राहिली ती पुंजाची एका ओळीतली भिंत.

पुंजाचं तोवर बरं चाललं होतं. जव्हारकडे, मोखाड्याकडे कामं मिळायची. पण घरी आलं की बंधाऱ्यावरून जायचं टाळून तो लांबच्या पायवाटेनं यायचा. लोकांना वाटायचं, गवंडी मोठा झाला.

खरा जाच नवशीला होता. ती माहेरी गेली की वरच्या पाड्याच्या बायका पाण्यावर तिला गाठायच्या. तुझ्या नवऱ्यानं आमचा मासा बांधून टाकला, म्हणायच्या. थट्टेत म्हणायच्या, पण दरवर्षी म्हणायच्या. नवशी ऐकून घेणारी नव्हती. कमरेला हात लावून ती उभी राहायची. "त्याचा काय दोष? सरकारनं कागद दिला तसा बांधला. कागदात वाट नव्हती." घरी येऊन ती हे भांडण पुंजाला साग्रसंगीत सांगायची, कोण काय म्हणालं आणि आपण कसं तोंड बंद केलं. पुंजा ऐकायचा आणि हूं म्हणायचा. बाहेर जाताना ती दार ओढून घ्यायची, ऐनाच्या चार फळ्यांचं. त्या आवाजाची पुंजाला लाज वाटायची. नऊ वर्षं वाटत राहिली.

दोन हजार तीन सालच्या चैत्रात बंधाऱ्याची उंची हातभर वाढवायचं निघालं. पाणी टिकत नाही ना, मग भिंत आणखी उंच करा. काम अर्थात पुंजालाच मिळणार होतं. ठरावासाठी शाळेच्या पडवीत सभा भरली. तालुक्याच्या कचेरीतून कारकून आला होता, सुदर्शन नावाचा, जामसरचा. बोलायला मऊ, पण कागदाला कागद जुळल्याशिवाय पेनाचं टोपण न काढणारा. वरच्या पाड्याची सात-आठ माणसंही आली होती, आणि त्यांच्यात पोश्या. सत्तरी उलटलेला, कानानं कमी, पण आला होता. भिंत आणखी वाढली तर मासा कायमचा गेला, एवढं सांगायला.

सुदर्शननं जुनी फाइल उघडली, नकाशा मांडीवर पसरला आणि मधल्या खुणेवर बोट ठेवलं.

"यात मधोमध खाच आहे," तो म्हणाला. "फळ्यांसकट. मी आत्ता येताना बंधारा बघितला, तिथं तर भिंत सलग आहे. खाच कुठं गेली?"

नवशी उठली. तिला सवयच होती.

"नाय वो भाऊसाहेब, खाच नव्हती कागदात. माझ्या घरच्यानं कागदापरमाणंच बांधलाय. तुमी दुसरा कागद आणलाय."

"बाई, कागद हाच आहे. बंधारा एकच, फाइल एकच."

"मग सरकारनं मागून काढली आसंल. माझ्या घरच्याला इचारा."

सगळी सभा पुंजाकडे बघू लागली. हातभर उंचीचं काम त्याच्या पदरात पडल्यात जमा होतं. आठवत नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, देखरेखीचा माणूस कुठल्या कुठे बदलून गेलेला. पुंजानं नवशीकडे बघितलं. ती अजून उभीच होती, कमरेला हात लावून, त्याच्या वतीनं.

"बस खाली," तो तिला म्हणाला. मग उठला. "खाच होती. मना दावली होती. मीच बुजवली."

कुणीतरी का म्हणून विचारलं.

"भिंत चांगली दिसंना म्हणून."

इतकं साधं कारण ऐकून कुणाला हसू आलं नाही. पोश्याला ऐकू गेलं नव्हतं. त्यानं शेजारच्याला विचारलं, शेजाऱ्यानं त्याच्या कानात सांगितलं, आणि ते सांगणं सगळ्या पडवीला परत एकदा ऐकू आलं. पुंजा खाली बघून पुढे म्हणाला, "बा इचारत होता, वाट कुठं ठेवलीस. मी त्याला बोललू, कागदात वाट नाय."

सुदर्शननं चष्मा काढून पुसला. तो म्हणाला, "उंची वाढवायचा विषय राहू द्या. सरकारी बांधकाम फोडायला परवानगी लागते, ती कधी मिळेल सांगता येत नाही. पण नकाशात असलेली खाच मोकळी करायला कुणाची परवानगी? ते तर राहिलेलं काम. मी तसंच लिहितो, मूळ नकाशाप्रमाणे काम पूर्ण करणे. फळ्या मात्र लागतील. त्या कुठं आहेत?"

"हायेत," पुंजा म्हणाला.

घरी येऊन त्यानं बिजागऱ्या काढल्या आणि दार उतरवलं. नवशी चुलीपाशी बसून बघत होती. ती रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "नव वर्सं मी तुझ्यासाठी माझ्या माणसांशी भांडले. तू हूं बोलत व्हतास." पुंजा दाराच्या फळ्या सुट्या करत राहिला. पुढचे पंधरा दिवस नवशी त्याला भाकरी वाढायची आणि पाठ करून बसायची. घराला दार नव्हतं, तेव्हा ही गोष्ट पाड्यालाही रोज दिसत होती.

वैशाखात पुंजानं पहार, घण आणि छन्नी घेतली. दोन्ही पाड्यांची माणसं बंधाऱ्यावर जमली, पण कुणी हात लावला नाही. पहिला धोंडा ज्यानं ठेवला त्यानं काढायचा. पुंजा भिंतीवर बसला आणि घण घालू लागला. सकाळपासून दुपारपर्यंत घातला. धोंडा हलेना. माल इतका पक्का झाला होता की छन्नीची धार गेली. स्वतःच्या कामाचा त्याला इतका राग कधी आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. गवंड्याची जात ती!

उन्हं कलताना पहिला धोंडा सुटला आणि गाळात पडला. तेव्हा खाली उतरून घण उचलणारं दुसरं माणूस नवशी होती. "सरक," ती म्हणाली. पंधरा दिवसांतला तिचा पहिला शब्द. मग सगळेच उतरले. तळ दिसायला चार दिवस लागले. मागचा गाळ टोपल्यांनी काढून वरच्या आणि खालच्या, दोन्ही पाड्यांच्या खाचरांत टाकला. पुंजानं खोबण्या नव्यानं कोरल्या, ओळंबा लावून. भिंतीतून आता उजेडच काय, पलीकडचा अख्खा ओहोळ दिसत होता.

त्या वर्षी मासा चढला नाही म्हटलं तरी चालेल. चार-पाच मळे मासे खाचेतून वर गेलेले कुणीतरी बघितले, कुणी म्हणालं भास झाला. पण खालच्या पाड्यानं पहिल्या दिवशी टोपल्या घरात ठेवल्या. पाण्यात उतरणाऱ्या दोघांना नवशीनंच काठी दाखवून परत पाठवलं. दिवाळीनंतर पुंजानं फळ्या खोबणीत सरकवल्या, वैशाखात काढून घरात भिंतीशी उभ्या केल्या. दाराला तोवर ताटी लागली होती, चारचौघांसारखी.

पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या पुराला ओहोळ गढूळ होऊन वाहू लागला. पुंजा खाचेपाशी उभा होता. पाणी खाचेतून जोरानं येत होतं आणि त्या जोरावर तोंड रोखून मासे उभे होते. एक उडी, दुसरी उडी, आणि गेला. मग दुसरा. मग मोजता येईनात. पुंजा मांड्यांपर्यंत पाण्यात होता, मासे त्याच्या पायांना धडकून जात होते आणि त्यानं हात वर धरले होते, चुकून एखादा लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कामावर जायचं होतं. गेला नाही. ओटीवर बसून थापीचा दांडा घासत राहिला. नवशीनं दोनदा विचारलं, कुणाची वाट बघतोस? कुणाची नाही, म्हणाला. तिनं पांड्याची ओटीवर बसायची ती जागा ओळखली आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही.

दुपारच्या सुमाराला वरच्या वाटेनं पोश्या आला. एवढ्या चिखलात, त्या वयात, काठी टेकत स्वतः आला. बरोबर कुणी नव्हतं. ओटीवर टेकला, धाप ओसरेपर्यंत बसला. ताटी उघडी होती, आत भिंतीशी फळ्या उभ्या दिसत होत्या. त्यानं त्या बघितल्या. मग खांद्यावरच्या फडक्याची गाठ सोडली. आत पळसाच्या पानात बांधलेल्या पुड्या होत्या. एक नव्हे, दोन.

"मामा, घर तं एकच हाये," पुंजा म्हणाला.

पोश्याला त्याचं बोलणं ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यानं एक पुडी पुंजाच्या हातात दिली. "ही तुझी." मग दुसरी त्याच हातावर ठेवली. "ही पांड्याची. त्याची रायली होती."

ओंजळीत दोन पुड्या धरून पुंजा तसाच बसून राहिला आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. शेवटी नवशीच बाहेर आली. पुड्या त्याच्या हातातून घेतल्या, बापाला आत बोलावलं आणि चुलीवर एकाऐवजी दोन मडकी चढवली.